खांबाचा जावई

लोक मला खांबाचा जावई म्हणतात. मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. बार्शीत आमच्या चौकात खांब बसला त्या दिवसापासून मी त्याच्याखाली लोखंडी खुर्ची टाकून बसतो. डाळ मिलच्या वजनकाट्यावरची नोकरी संपली. मुलगा आणि सून पुण्याला असतात. बायको नाही. मग दिवसभर कुठं बसायचं ते माझं मी ठरवलं.

खांब वाजला की मी उठतो, ज्याच्यावर वाजला त्याला थांबवतो आणि चौकीला फोन लावतो. त्या दिवशी सकाळी तो भाजीवाल्या पारूबाईवर वाजला. तिच्या पाटीत तांबडा भोपळा होता आणि भोपळ्याखाली सुरी.

"बापू, अख्खा भोपळा कोण घेतंय? फोड कापून नको द्यायला?"

"घरून कापून आण."

"घरनं आणलेली फोड दुपारपातूर सुकती. तुमच्या खांबाला भोपळा खायचा आसंल तर सांगा, पाठवून देती."

बघणारे हसले. मी फोन लावला. हवालदार मोटे आला, त्यानं दंड केला आणि सुरी पिशवीत घालून सील केली. पारूबाईनं पाटी उचलली आणि जाता जाता म्हणाली, "तुमची बायको गेली तवा आमी बी रडलो हुतो. आता वाटतंय कशाला रडलो."

मी खुर्चीवर जाऊन बसलो.

उज्ज्वला, माझी बायको, याच चौकात गेली. चार वर्षं झाली. मुलाचं लग्न होऊन आठवडा झाला नव्हता, मंडपाचे बांबू अजून दारात होते. ती संध्याकाळी माहेरी जायला निघाली. तिचं माहेर गावातच, माळी आळीत. चौकात पोरांच्या दोन टोळक्यांची मारामारी चालली होती. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कुणाचा तरी फोटो लहान छापला होता, एवढं कारण. ती मधे सापडली. बरगडीत एकच घाव होता.

तीन पोरं धरली. लाल्या नावाच्या पोरानं मारलं हे सगळ्या चौकाला माहीत होतं. कोर्टात मात्र एकानंही पाहिलं नव्हतं. पारूबाईची पाटी तिथंच होती, तीही म्हणाली, मी खाली वाकले होते. हत्यार सापडलं नाही. लाल्याचा कोयता चौकात पडलेला मिळाला, पण डॉक्टर म्हणाले, हा घाव कोयत्याचा नाही, सरळ पात्याचा आहे. तिघेही सुटले. अपील हायकोर्टात पडून राहिलं.

लाल्यानं पुढं चौकापलीकडे फ्लेक्स छापायचंच दुकान टाकलं. सकाळी शटर वर करताना तो मला हाक मारतो.

"काय काका, खांब बरा हाय का? सर्दी-पडसं काय न्हाय ना?"

मी त्याच्याकडे बघत राहतो. तो आत जातो.

निकालानंतर मोर्चे निघाले. तशा घटना बऱ्याच गावांत झाल्या होत्या. बॅनरवर उज्ज्वलाचा फोटो असायचा, लग्नातलाच, नाकात नथ घातलेला. मला स्टेजवर बसवायचे. मला बोलता येत नाही, म्हणून मी एकच वाक्य बोलायचो, "रस्त्यावर पातं दिसलंच नाही पाहिजे." शेवटी कायदा झाला. चार बोटांपेक्षा लांब पातं घेऊन सार्वजनिक जागेत फिरायचं नाही. कारण काहीही असो. शेतमजुराला विळा कुलुपाच्या नळकांड्यात घालून न्यावा लागतो. शहाळेवाल्याला सरकारनं भोक पाडायचं यंत्र दिलं. कायद्याला मोठं नाव आहे, पण लोक त्याला उज्ज्वला कायदाच म्हणतात.

आणि चौकाचौकात खांब आले.

खांब कसा चालतो ते मला अफ्रीननं सांगितलं. अफ्रीन तांबोळी ही आमच्या भागातले खांब सांभाळणारी इंजिनिअर. शिडीवर चढून काम करायची आणि मी खाली शिडी धरायचो.

"काका, एसटी स्टँडवर बॅग मशीनमधून जाते ना, तसंच हे. फक्त त्यात क्ष-किरण असतात, ते अंगाला वाईट. आमच्या लहरी कापडातून, कागदातून, पातळ लाकडातून आरपार जातात, धातूवर आपटून परत येतात. पाण्यातून मात्र जात नाहीत. म्हणून माणसाच्या पोटातलं काही दिसत नाही, पिशवीतलं दिसतं."

"मग चमचा पण वाजेल."

"नाही. चमच्याची कड गोल असते, तिच्यावरून लहर पसरट परत येते. धारेवरून चिरल्यासारखी येते. तो फरक यंत्राला शिकवलाय. आणि एक सांगू? कुठल्याही दोन धारा सारख्या नसतात. वापरताना पात्याला बारीक दात पडतात. केसाहून बारीक दातसुद्धा खांबाला कळतो. एकदा पाहिलेली धार तो पुन्हा ओळखतो."

मी शिडी घट्ट धरली आणि विचारलं, "न पाहिलेली ओळखेल का?"

ती खाली उतरली. तिला माझं म्हणणं कळलं होतं. पोस्टमॉर्टेमच्या वेळी उज्ज्वलाच्या छातीचा स्कॅन काढला होता. पातं बरगडीला घासून गेलं होतं आणि हाडावर त्याचे ओरखडे उठले होते. अफ्रीननं माझ्याकडून अर्ज घेतला, कोर्टाची परवानगी आणली आणि त्या ओरखड्यांवरून पात्याची धार उलटी काढली, साच्यावरून मूर्ती काढतात तशी. धारेच्या मधोमध दोन दात होते, जवळजवळ, एक मोठा आणि एक लहान. ते चित्र तिनं माझ्या फोनवर घालून दिलं.

"ही धार गावातल्या कुठल्याही खांबाखालून गेली, तर तुम्हाला निरोप येईल," ती म्हणाली. "फक्त तुम्हाला. पोलिसांना नाही."

"पोलिसांना का नाही?"

"कायद्यात तसंच आहे. खांबाची चूक होऊ शकते. सुटलेल्या माणसाला रोज उठवून चौकीत नेऊ नये, म्हणून जुनं प्रकरण तक्रारदारानं मागितलं तरच उघडायचं. तुम्ही पातं जमा केलं की पुढची तपासणी लॅबमध्ये होते."

मला ते कलम मूर्खपणाचं वाटलं होतं. मी ते तिला सांगितलंही. पण मी खुर्ची टाकून बसलो, आणि ते दोन दात मी रोज बघायचो.

नागनाथदादा हा उज्ज्वलाचा थोरला भाऊ. त्याच्या मुलाचं, ओंकारचं लग्न ठरलं तेव्हा तो पत्रिका घेऊन चौकातच आला. माझ्या घरी यायचं त्यानं बरेच दिवस बंद केलं होतं. मला वाटायचं, बहिणीशिवायचं घर त्याला बघवत नसेल.

"दाजी, यायचं बरं का. हळदीपासून."

"कट्यारीचं काय करणार?"

त्यानं पत्रिका माझ्या मांडीवर ठेवली. आमच्याकडे अंगाला हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू टोचून. हळदीच्या अंगाला बाधा होऊ नये म्हणून लोखंड हातात पाहिजे, आणि लग्न लागेपर्यंत ते खाली ठेवायचं नाही. उज्ज्वलाच्या माहेरची कट्यार जुनी होती. त्या भावकीतल्या प्रत्येक नवरदेवानं तीच धरलेली. माझ्या लग्नातही माझ्या हातात तीच दिली होती आणि माझ्या मुलाच्याही.

"लाकडाची घेतलीय," नागनाथदादा म्हणाला. "सोनेरी रंगाची. दुकानात मिळती आता."

"लाकडाचीच पाहिजे. नाहीतर मी कुणाचा मुलाहिजा ठेवणार नाही. घरचा असला तरी."

"म्हाईत हाय," तो म्हणाला आणि चहा न घेता गेला.

हळदीला मी गेलो. माझी सासू, आत्याबाई, पंचाऐंशीची आहे आणि आवाज अजून मंडपाबाहेर ऐकू येतो. मला बघताच म्हणाली, "या जावईबापू. खांब घरी ठेवून आलाव का खिशात आणलाव?"

बायका हसल्या. मी कोपऱ्यात बसलो. थोडा वेळ बसून निघून आलो. ओंकारच्या हातात काय दिलं ते बघायला थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला. मारुतीचं देऊळ आमच्या चौकाच्या पुढं आहे. बँड आधी ऐकू आला, मग घोडा दिसला. ओंकार घोड्यावर, डोक्याला बाशिंग, हातात कट्यार, टोकाला लिंबू. वरात खांबाखाली आली आणि खांब वाजला.

लाकूड असतं तर वाजला नसता. मी उठलो. त्याच वेळी शर्टाच्या खिशात फोन थरथरला.

मला वाटलं मुलाचा फोन असेल. स्क्रीनवर चित्र होतं. डावीकडे हाडावरून काढलेली धार, उजवीकडे खांबानं आत्ता पाहिलेली. टोक दिसत नव्हतं, कारण लिंबात पाणी असतं. पण लिंबाच्या वर, पात्याच्या मधोमध, दोन दात होते. एक मोठा, एक लहान. खाली लिहिलं होतं, धार जुळते.

मग मला ते दात आठवले. उज्ज्वला हसून सांगायची, "दादानं सोताच्या लग्नात कट्यारीनं नारळ सोलला. तवापास्नं तिचं दोन दात पडल्यात. आई आजून शिव्या देती." मी रोज ते चित्र बघत होतो आणि ही गोष्ट मला एकदाही आठवली नव्हती. खुनाचं पातं म्हणून मी ते बघत होतो. लग्नाची कट्यार माझ्या मनातच आली नाही.

बँड थांबला होता. हवालदार मोटे पावतीयंत्र काढून म्हणत होता, "लग्नाचं हाय म्हणून दंडच घेतो. पुढं चला आणि घरी गेल्यावर पेटीत टाका." आत्याबाई रिक्षात बसली होती. तिथून ती ओरडली, "घ्या दंड! लोखंडाबिगर नवरदेव नेऊ व्हय? त्या नाग्यानं लाकडाची आणली हुती, मी बंबात घातली. पाणी चांगलं तापलं."

मी नागनाथदादाचा हात धरला आणि त्याला बँडच्या गाडीमागं नेलं. फोन त्याच्या तोंडासमोर धरला. त्याला ते चित्र समजलं नाही, पण माझा चेहरा समजला.

"दाजी, लग्न होऊ द्या. मग सांगतो."

"आत्ता."

त्यानं फेटा काढून हातात घेतला.

"ती कट्यार परत करायला येत हुती," तो म्हणाला. "पिशवीत, हळदीच्या फडक्यात गुंडाळून. मी म्हटलं हुतं मी येऊन नेतो. ती म्हणाली, तू इसरशील, आई बोलंल, मीच आणते. मी तिला घ्यायला समोरून निघालो. चौकात आलो तर ती पोरं. तिला धक्का लागला, पिशवी पडली, कट्यार भाईर सरकली. लाल्याचा कोयता कुणीतरी हिसकला हुता. त्यानं खालची उचलली. त्याला दुसऱ्या पोराला मारायचं हुतं. उज्ज्वला तिची कट्यार धरायला गेली. म्हणाली, आरं ती देवाची हाय."

"तू बघितलंस."

"बघितलं."

"कोर्टात म्हणालास, मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं."

"त्यानं ती तिथंच टाकली आन पळाला. मी उचलली. पोलीस म्हणाले आसते, हत्यार तुमच्या घरचं. आईला काय सांगू? कट्यार जप्त झाली आसती, भावकीत पुन्हा लगीन कसं..." तो थांबला. त्याचं त्यालाच ऐकवलं नाही. "धुतली आन पेटीत ठेवली. पुन्हा काढायचीच नाही आसं ठरवलं हुतं. लाकडाची आणली. आईनं जाळली. आता तिला कसं सांगणार हुतो नको म्हणून?"

त्याला मारावंसं वाटलं. मी मारलं नाही, कारण माझ्या हातात फोन होता आणि तो पडला असता. खरंच एवढंच कारण होतं.

मी खांबाकडे बघितलं. त्या संध्याकाळी हा खांब असता तर तो लाल्यावर वाजला असता हे मला ठाऊक होतं. पण उज्ज्वलाच्या पिशवीवरही वाजला असता. मोट्यानं तिलाही दंड केला असता. ती पारूबाईसारखीच भांडली असती आणि चिडून घरी परत आली असती. जेवायला वाढताना पोलिसांना शिव्या दिल्या असत्या.

आणि आता माझ्यापुढं दोनच गोष्टी होत्या. वरात पुढं जाऊ दिली तर संध्याकाळपर्यंत नागनाथदादा ती कट्यार विहिरीत टाकणार, आणि लाल्या उद्या मला पुन्हा खांबाची तब्येत विचारणार. कट्यार जमा केली तर अपील उभं राहील, पण नागनाथदादा पुरावा लपवला म्हणून आत जाईल, आणि गावभर होईल की उज्ज्वला कायद्याची उज्ज्वला स्वतःच पिशवीत पातं घेऊन रस्त्यानं निघाली होती.

"दाजी, तिचं नाव खराब हुईल," नागनाथदादा म्हणाला. माझ्या मनातलं त्यानं ओळखलं होतं आणि त्याचाच फायदा घेत होता. "बॅनरवर फोटो हाय तिचा. लोक काय म्हणतील?"

"लोक तिच्या नवऱ्याला खांबाचा जावई म्हणतात. तिला काय म्हणायचं ते म्हणू देत."

मी घोड्याजवळ गेलो.

"ओंकार, ती इकडं दे."

"आतोबा, हळद लागलीय. हातातनं सोडायची नसती."

"दे म्हणतो ना!"

रिक्षातून आत्याबाई उतरली. ती काठी टेकत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "हळदीच्या पोराच्या अंगाला हात लावशील तर तुझं वाटोळं हुईल. लेक गेली माझी, जावई पण गेला आसं समजंन मी."

"तुमच्या लेकाला विचारा," मी म्हणालो. "लेक कशानं गेली ते."

ती नागनाथदादाकडे वळली. त्याचा फेटा अजून हातातच होता. तो आईकडे बघू शकला नाही. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली, मग कट्यारीकडे. वरातीतल्या बायकांना काही कळलं नव्हतं, तिला कळलं. ती कट्यार तिनंच पेटीतून काढून, पुसून, हळदकुंकू लावून नातवाच्या हातात दिली होती.

"दे," ती ओंकारला म्हणाली. आवाज रिक्षापर्यंतही गेला नसेल.

ओंकार तरी सोडेना. मी खिशातून अडकित्ता काढला. उज्ज्वलाचा. जेवण झालं की ती मला सुपारी कातरून द्यायची. आता मी सुपारी खात नाही, पण अडकित्ता खिशात असतो. त्याचं पातं चार बोटांच्या आत भरतं, खांब त्याच्यावर वाजत नाही.

"हे धर. लोखंडच आहे. तुझ्या आत्याचं आहे."

त्यानं आधी अडकित्ता घेतला आणि मग कट्यार सोडली. मी टोकाचं लिंबू काढून रस्त्यावर टाकलं. बँडवाल्यांना म्हणालो, "वाजवा."

ते वाजवायला लागले. वरात पुढं गेली. आत्याबाई रिक्षात बसली नाही, ती चालत गेली, एकटी, सगळ्यांच्या मागून. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. त्यानंतर आजपर्यंत बघितलेलं नाही.

"आणा, मी नेतो चौकीत," मोटे म्हणाला.

"मीच नेणार."

"बापू, हातात घेऊन चाललाव तर तुमच्यावर केस हुईल."

"होऊ दे."

चौकीपर्यंत तीन चौक लागतात. प्रत्येक खांब माझ्यावर वाजला. मोटे मागून येत होता आणि प्रत्येक वेळी "आरं देवा" म्हणत होता. पारूबाई पाटी घेऊन कोपऱ्यावर होती. तिनं माझ्याकडे बघितलं, हातातल्या कट्यारीकडे बघितलं आणि पाटी बाजूला ओढून वाट दिली.

लाल्या दुकानाच्या दारात उभा होता. खांबाचा आवाज ऐकून बाहेर आला होता.

"काय काका!" तो हसत ओरडला. "आज सासऱ्यानं जावयालाच धरला का?"

मी थांबलो. कट्यार त्याला नीट दिसेल अशी आडवी धरली. मूठ पितळेची, तिच्यावर मोराचं डोकं, पात्याला दोन दात. लाल्यानं ती एकदाच आणि थोडाच वेळ हातात धरली होती. पण त्याला ती आठवली. तो हसायचा थांबला, एक पाऊल मागं सरकला आणि त्यानं शटर ओढलं. भर सकाळी. आतून कडी लावल्याचा आवाज मी ऐकला.

चौकीत फौजदारबाईनं विचारलं, "कुणाची?"

"माझ्या बायकोच्या माहेरची. मेली त्या दिवशी तीच ही पिशवीत घेऊन निघाली होती. तसंच लिहा."

"पाहणारा कुणी आहे? नुसतं पातं जुळून भागणार नाही. त्याला मारताना कुणी पाहिलं, ते लागेल."

मी म्हणालो, "येईल." येईल की नाही, मला माहीत नव्हतं.

लग्नाचा मुहूर्त बाराचा होता. अक्षता पडल्याचे फटाके चौकीत ऐकू आले. त्यानंतर बऱ्याच वेळानं नागनाथदादा दारात येऊन उभा राहिला. डोक्यावर फेटा नव्हता, खांद्यावर अक्षता अडकल्या होत्या. चालत आला होता. घाम आला होता.

"दाजी," तो म्हणाला.

फौजदारबाईनं त्याला बसायला खुर्ची शोधली. खोलीत जास्तीची खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मी बसलो होतो. त्याची जबानी लांबली. त्यानं सगळी उभ्यानं दिली. मी उठलो नाही.